मूरिंगवरचा लाइट सेन्सर : जूननंतर उजेड घसरतोय, काच घाण झाली की पाणीच हिरवं झालं?

खारावारा_पुणे
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकेतल्या ओरेगॉन किनाऱ्यासमोरच्या (न्यूपोर्टजवळ) एका मूरिंगचा (समुद्रात नांगरून ठेवलेल्या यंत्रसंचाचा) ओपन डेटा घेतलाय. ७ मीटरवर लाइट सेन्सर आहे, सात वेव्हलेंग्थ, ४१२ ते ६८३ नॅनोमीटर. एप्रिलमध्ये पाण्यात सोडला, ऑक्टोबरमध्ये काढला. मेपर्यंत मस्त दिसतंय, मग दुपारचा आकडा घसरत जातो तो ऑगस्टमध्ये पार पाव हिश्श्यावर, आणि क्वालिटी फ्लॅग (डेटा ठीक आहे का ते सांगणाऱ्या आपोआप खुणा) मात्र सगळे पास! रात्री शून्याऐवजी थोडं मायनस येतं. वर कहर म्हणजे सूर्य रात्री पावणेदोनला डोक्यावर येतोय 😭 गाईड म्हणतात फाऊलिंग आहे (म्हणजे काचेवर शेवाळ-बिवाळ साचलंय), सरळ रेषेत करेक्शन मार आणि पुढे चल. मारू का?

दर्यावर्दी७२
सूर्याचं आधी सांगतो, बाकीचं कोणीतरी सांगेलच. डेटा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतो, तिथली खरी दुपार यूटीसी २०:१५ च्या सुमारास. तुझ्या लॅपटॉपने साडेपाच तास मिळवून ठेवलेत. सेन्सर बिचारा बरोबर आहे.

केडी_वाली_ताई
करेक्शन अजिबात मारू नकोस, थांब जरा. फ्लॅग पास आहेत यात नवल काही नाही, रेंज टेस्ट फक्त आकडा शक्य कोटीतला आहे का एवढंच बघते, काच रोज थोडी थोडी मंद होत गेली तर ती रोज पासच होणार. ऋतूचंही कारण नाही, कारण २० एप्रिल आणि २२ ऑगस्टला सूर्य दुपारी जवळपास सारख्याच उंचीवर असतो. पण ओरेगॉनला उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं आणि ब्लूम होतो, म्हणजे सूक्ष्म शेवाळ भरमसाट वाढून पाणी हिरवं होतं. हिशोब करून बघ, केडी (पाणी दर मीटरला उजेड किती वेगाने खातं तो आकडा) ०.१ असेल तर ७ मीटरवर निम्मा उजेड पोचतो, ०.३ झाला की जेमतेम १२ टक्के. म्हणजे पाव हिस्सा नुसत्या ब्लूमनेही होतो, काच चकाचक असताना! निळ्या-हिरव्याचं गुणोत्तर काढून कळेल असं वाटेल, पण काचेवरचं शेवाळही निळाच जास्त खातं, म्हणून त्यात फसू नकोस. वाऱ्याचा डेटा शेजारी लाव. वारा पडून ब्लूम विरला की उजेड परत येतो, काचेवर बसलेलं काही असं परत जात नाही.

रात्रीचं मायनस म्हणजे डार्क ऑफसेट (पूर्ण अंधारातही सेन्सर दाखवतो तो आकडा), तापमानाप्रमाणे सरकतो. त्या त्या रात्रीचा मीडियन वजा कर. आणि दुपारी मध्येच उंच स्पाइक दिसले तर उडवू नकोस, लाटा भिंगासारखा उजेड एकवटतात, ते खरे असतात.

बार्नेकल_गोंयकार
ताईंशी सहमत. वर तरंगणाऱ्या बोयावरच्या रेडिओमीटरशी (उजेड मोजणाऱ्या यंत्राशी) पण ताडून बघ, फक्त त्याच्यावर सीगल बसतात आणि काय करतात ते सांगायला नको. माझी एक चूक सांगतो. गोव्यात आमचं मूरिंग वर काढलं, सेन्सरवर शेवाळ आणि बार्नेकलचा नुसता थर, मी उत्साहात तिथेच डेकवर घासून लख्ख केला. सर आले आणि म्हणाले, घासायच्या आधीचं रीडिंग कुठे आहे? आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही घेतलं असतं तर शेवटी काचेने किती उजेड खाल्ला ते सरळ कळलं असतं, सहा महिन्यांच्या डेटाचा तो एकच पुरावा आणि मी तो ब्रशने धुतला. तुझ्या डेटासोबत फील्ड नोट्स किंवा काढतानाचे फोटो असतील तर आधी ते शोध. ऑक्टोबरमध्ये नवा सेन्सर बसला असेल तर त्या दिवशी किती उडी आहे तेही बघ.

खारावारा_पुणे
ताई, वारा लावला! ऑगस्टच्या मध्यात वारा चार दिवस पडलाय आणि उजेड जवळपास मेइतका वर आलाय. सप्टेंबरमध्ये वारा दोनदा पडला पण आकडा हललाच नाही, आणि नवा सेन्सर लागला त्या दिवशी तिपटीची उडी आहे. म्हणजे ऑगस्टपर्यंत पाणी, नंतर काच? मग सप्टेंबर फेकून देऊ?

केडी_वाली_ताई
फेकायचं नाही रे, 'संशयास्पद' फ्लॅग लावून ठेव. आणि ४१२ वेगळा बघ, ब्लूममध्ये ७ मीटरवर तो एवढा कमी उरतो की ऑफसेट चुकला तर तुझं निळं-हिरवं गुणोत्तर गंडलंच म्हणून समज. गाईडना दाखवताना आधी वाऱ्याचा ग्राफ दाखव, मग बाकीचं बोल 😄