मदत हवी आहे: इमारत कापडात गुंडाळायची जाहिरात
आमच्या एजन्सीला एक जुनी गिरणी केशरी कापडात गुंडाळून जाहिरात करायची आहे. मूडबोर्डवर (कल्पनेसाठी जमवलेल्या नमुना-चित्रांच्या फलकावर) पहिलाच फोटो इमारती कापडात गुंडाळण्यासाठी प्रसिद्ध असलेलं कलाकार जोडपं ख्रिस्तो आणि जान-क्लोद यांच्या १९७२ च्या ‘व्हॅली कर्टन’चा, कोलोरॅडोतल्या दरीवर ताणलेला तो केशरी पडदा. आमच्या कापडाचा रंग बदलून पाहिला, तरी कल्पना त्यांची आहे हे ओळखू येतंच. वकील म्हणाले, कल्पनेवर कॉपीराइट नसतो. पण या दोघांनी कायम प्रायोजक नाकारले, स्वतःची चित्रं विकून खर्च भागवला, तेच मला टोचतंय. २०१० मध्ये एटी अँड टी या अमेरिकन दूरसंचार कंपनीने अशाच जाहिरातीत ‘कलाकारांचा संबंध नाही’ अशी ओळ टाकली होती. आमचा क्लायंटही तेवढ्यावर राजी आहे. दोघं आज हयात नाहीत. मग नुसती ओळ पुरेशी आहे, की त्यांच्या फाउंडेशनला विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये?