सोप्यात बाउन्स फ्लॅश: वर लाकडी तक्तपोशी, बाजूला पिस्ता भिंत, काय करावं?

पेठेतला_कॅमेरा

येत्या रविवारी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात डोहाळजेवणाचे फोटो काढायचे आहेत. सोपा साधारण १२ बाय १४ फूट. वर काळपट लाकडी तक्तपोशी, उंची साडेनऊ फूट. लांबीकडच्या दोन भिंतींपैकी एक पिस्ता रंगाची, दुसरीला दारं-खिडक्या. दाराच्या समोरची आखूड भिंत पांढरी, पण तिच्यावर फोटोफ्रेम आहेत. उजेड दोन एलईडी ट्यूबचा.

क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा कॅमेरा), ५० एमएम एफ/१.८ लेन्स आणि गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ६० चा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश आहे. ट्रायल घेतली. फ्लॅश समोरून मारला तर चेहरा तेलकट दिसतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. वर तक्तपोशीकडे मारला तर डोळ्यांखाली खड्डे आणि सगळं तांबूस. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर नुसत्या ट्यूबवर काढले तर चेहरा सपाट येतो. गळ्यातला साज आणि नथ नीट दिसायला हवी, असं घरच्यांनी मुद्दाम सांगितलंय. कसं जमवू?

भिंतउजेड

तक्तपोशी डोक्यातून काढून टाक. काळपट सागवान बराचसा प्रकाश गिळतं, जो परत येतो तो तांबूस असतो, आणि तो सरळ डोक्यावरून पडतो म्हणून भुवयांची सावली डोळ्यांत उतरते. वर मारल्यावरच्या तुझ्या दोन्ही तक्रारी एकाच जागेच्या आहेत.

बाउन्स म्हणजे फ्लॅश भिंतीवर मारून परत आलेला उजेड वापरायचा; त्यात झोत जिथे आदळतो तो भाग तुझा दिवा. म्हणून आधी दिवा ठरव, मग पाट कुठे मांडायचा ते ठरव. बहुतेक जण पाट सजावटीसमोर मांडतात आणि नंतर भिंत शोधत बसतात.

पांढरी आखूड भिंत तुझ्या पाठीमागे येऊ दे. भिंतीपासून तू ४ फूट, तुझ्यापासून डोहाळजेवणाची ताई ६ फूट, आणि तिच्या मागे ४ फूट मोकळे. एवढी जागा मिळाली की मागची सावली आपोआप विरते. फ्लॅशचं डोकं डाव्या खांद्यावरून मागे वळव आणि साधारण ४५ अंश वर कर. झोत भिंतीवर ७-८ फुटांवर पडला पाहिजे. ताईचा चेहरा थोडा त्याच बाजूला वळव. उजेड समोरून, बाजूने, जरा वरून येतो, खिडकीतून आल्यासारखा. फ्रेम तेवढ्या काढून ठेवायला सांग, काचेवर आदळलेला झोत भलतीकडेच जातो.

आता हिशोब. गाइड नंबर ६० हा फ्लॅशच्या डोक्याचा झूम (लेन्सचा नव्हे, झोत किती अरुंद ते ठरवणारा) २०० एमएमवर असताना. झूम ५० वर केलास की तो ४० च्या आसपास येतो. फ्लॅश ते भिंत ५ फूट, भिंत ते चेहरा १० फूट, म्हणजे १५ फूट, साडेचार मीटर. गाइड नंबर भागिले मीटरमधलं अंतर म्हणजे लेन्सच्या छिद्राचा एफ-आकडा, ४० भागिले ४.५ म्हणजे एफ/९. भिंतीवर प्रकाश विखुरतो त्यात दोन-सव्वादोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) जातात, म्हणजे फुल पॉवरला आयएसओ १०० वर एफ/४ च्या थोडं वर. आयएसओ ८०० केलंस की तीन स्टॉप मिळतात, तेव्हा एफ/४ ला १/८ पॉवर पुरते. फ्लॅश लगेच चार्ज होतो, तापत नाही.

शटर १/१०० ठेव, १/१२५ नको. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. साध्या ड्रायव्हरच्या एलईडीवर १/१०० पेक्षा वेगवान शटरला फोटोत पट्टे येऊ शकतात. आधी फ्लॅश बंद करून एक फोटो काढ. खोली अंधारी पण ओळखू येईल इतपत दिसली पाहिजे, अंदाजे दोन-अडीच स्टॉप कमी. फारच काळी आली तर १/५० कर. चेहऱ्याचा उजेड फ्लॅशचा असल्याने तो हलल्यासारखा दिसणार नाही.

रंगछटा_कोल्हापूर

वरचं सगळं बरोबर. पिस्ता भिंतीबद्दल जास्त सांगतो, कारण फोटो तिथेच बिघडतात आणि घरी जाऊन सुधारतही नाहीत.

झोताचा थोडा भाग जरी पिस्ता भिंतीवर गेला तरी गालाची एक बाजू हिरवट होते. व्हाइट बॅलन्सने (सगळ्या फोटोचा रंग एकदम सरकवणाऱ्या सेटिंगने) ती दुरुस्त करायला गेलात की दुसरी बाजू गुलाबी होते, कारण दोन बाजूंना दोन रंगांचा उजेड आहे. आणि सोनं तर आरशासारखं असतं. समोर जे असेल ते साजाच्या पानांत आणि मण्यांत उमटतं. हिरवी भिंत समोर असली की सोनं पितळेसारखं दिसतं. पांढरा मोठा पृष्ठभाग समोर असला की त्याच सोन्यावर उजळ ते गडद असा सावकाश उतार येतो आणि घडणावळ कळते.

म्हणून ती भिंत झाका. धुतलेली पांढरी चादर चालेल, पण नीळ घातलेली नको, चेहरा निळसर येतो. कोरं मांजरपाट पिवळसर असतं, सॅटिन चमकतं. साधं पांढरं पॉपलीन घ्या, महाद्वार रोडला कुठेही मिळेल. नाहीतर थर्माकोलच्या १ मीटर बाय अर्धा मीटरच्या दोन शीट पांढऱ्या टेपने जोडा. चौरस मीटरचा दिवा तयार होतो आणि तो हवा तिथे नेता येतो. मात्र फ्लॅशचा झूम ७०-८० करा. ५० वर ५ फुटांवरून झोत मीटरभर पसरतो, कडेचा प्रकाश थर्माकोल चुकवून हिरव्या भिंतीवर जातो.

फ्लॅशवर रंगीत जेल (पारदर्शक रंगीत कागद) लावू नका. एलईडी ट्यूबच्या उजेडाचा रंग बहुधा ६५०० केल्विनचा असतो, फ्लॅश ५५०० च्या आसपास, हा फरक खपतो. सजावटीत पिवळे बल्ब असतील तर ते मागे राहू द्या, छान ऊब येते. चेहऱ्यावरही पिवळे बल्बच असतील तरच नारिंगी सीटीओ जेल, आणि मग पॉवर पाऊण स्टॉप वाढवा.

पेठेतला_कॅमेरा

दोघांचेही मनापासून आभार. आज असंच करून बघितलं. उजेड मऊ आला, पण दोन अडचणी. नाकाची बारीक, टोकदार सावली अजून दिसते. आणि कॅमेरा उभा धरला की उजेडाची दिशाच बदलते. टीटीएल (पॉवर कॅमेरा आपोआप ठरवतो) ठेवू की मॅन्युअल?

सावलीचा_अभ्यास

टोकदार सावली म्हणजे फ्लॅशच्या डोक्याच्या कडेतून थेट चेहऱ्यावर गळणारा प्रकाश. तो थोडाच असतो, पण त्याला ६ फूटच जायचं असतं आणि भिंतीवरून येणाऱ्याला १५, म्हणून तो उठून दिसतो. स्टेशनरीच्या दुकानातली काळी फोम शीट, २ मिमीची, १५ बाय २० सेंमी कापा. डोक्याची जी बाजू ताईकडे येते तिथे केसांच्या रबराने बांधा, टोकाच्या पुढे ८-१० सेंमी राहू द्या. तपासायचं असेल तर ताईच्या जागी कुणाला तरी बसवा आणि विचारा, फ्लॅशचं पांढरं तोंड दिसतं का? दिसत असेल तर शीट सरकवा. फ्लॅशवर चढवतात तो प्लास्टिकचा पांढरा डबा मात्र लावू नका. तो चारी बाजूंना प्रकाश फेकतो, म्हणजे परत तक्तपोशी आणि परत पिस्ता.

उभ्या कॅमेऱ्यात फ्लॅशही आडवा होतो, त्यामुळे डोकं नव्याने वळवावं लागतं. प्रत्येक वेळी भिंतीवरचा तोच भाग गाठायचा. काही फ्लॅशची मान एका बाजूला १८० अंश आणि दुसऱ्या बाजूला ९० अंशच वळते, ते आधी बघून ठेवा. आडवे फोटो एकदम, उभे एकदम असं काढलंत तर गोंधळ टळेल.

ताई पाटावर असेपर्यंत मॅन्युअल. अंतर बदलत नाही, मग पॉवर का बदलावी? टीटीएलला मागची स्टीलची भांडी किंवा आरसा चकवतो आणि चेहरा काळा पडतो. ओटी भरायला बायका पुढे आल्या, तुम्ही फिरू लागलात, की टीटीएल, फ्लॅश २/३ स्टॉप वाढवून.

भिंतउजेड

टीटीएलमध्येही एफ/४ सोडू नकोस. ओटी भरताना दोन चेहरे पुढे-मागे असतात, एफ/१.८ ला त्यातला एकच फोकसमध्ये येईल.

रंगछटा_कोल्हापूर

आणखी एक. फ्लॅश मागे वळवलाय, म्हणजे मागे बसलेल्यांच्या डोळ्यांत तो थेट जातो. त्या ४ फुटांत आजी किंवा लहान मूल बसलेलं नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. खुर्च्या आधीच दुसऱ्या बाजूला मांडायला सांगा.