ठाण्यात चार दिवस पाहुणे : राम मारुती रोडच्या फ्लॅटवरून चालत काय काय दाखवू?

बाळकुमची माधवी

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात माझी आत्या (वय ७६), आतेभाऊ, वहिनी आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा इंदूरहून येताहेत. आमचं घर वन बीएचके, त्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. म्हणून राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत चार रात्रींसाठी भांड्याकुंड्यांसकट फ्लॅट घेतला. या वेळी आधी जाऊन डोळ्यांनी बघून आले. मागच्या दिवाळीत नणंदेसाठी ‘तलावपाळीपासून पाच मिनिटं’ असं वाचून एक घेतला होता, तो निघाला पार घोडबंदर रोडला. येण्याजाण्यात माणसं थकून गेली आणि ठाणं बघायचं राहिलंच.

आता मुख्य प्रश्न. भाच्यानं परवा फोनवर विचारलं, “आत्या, इंदूरला राजवाडा आहे, लालबाग पॅलेस आहे, छत्र्या आहेत. ठाण्यात काय आहे? मुंबईच बघायची तर मुंबईतच का नाही राहायचं?” मला पटकन काही सांगता आलं नाही. लग्न होऊन आले त्याला एकोणीस वर्षं झाली, रोज स्टेशन गाठते, पण सांगण्यासारखं तोंडावर आलं नाही याचं फार वाईट वाटलं. फ्लॅटच्या मालकांनी ‘जवळची ठिकाणं’ म्हणून छापलेला कागद दिलाय, त्यावर तीन मॉल आणि एक मल्टिप्लेक्स.

एक दिवस मुंबईला जाणार आहोत. उरलेल्या दोन सकाळी मला ठाणं दाखवायचंय. आत्याचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर हळूहळू चालते, जिने नकोत. कुठून सुरुवात करू?


घंटाळीवाला

ताई, सोपं आहे. संध्याकाळी तलावपाळी, भाच्याला बोटीत बसवा. सकाळी मामलेदारची मिसळ, पण आत्यांसाठी ‘कमी तिखट’ असं आधीच सांगा. वेळ असेल तर रिक्षानं उपवन. गडकरी रंगायतनला कुठलं नाटक आहे ते पेपरात बघून ठेवा, इंदूरच्या लोकांना नाटकाची आवड असते. कोपिनेश्वर तर आहेच.


चेंदणीकर

माधवीताई, तुमच्या भाच्यानं विचारलेला प्रश्न मला गेली तीस वर्षं शाळेतली मुलं विचारत आली. मी इतिहासाचा शिक्षक होतो, आता निवृत्त आहे, आणि आमचं घर चेंदणी कोळीवाड्यातलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ काढा.

ठाण्याला राजवाडा नाही. असला तरी आज कुठे दिसत नाही. शिलाहार राजांचं हे श्रीस्थानक, उत्तर कोकणातलं त्यांचं मोठं ठिकाण, पण त्यांचं इथलं बांधकाम उभं राहिलं नाही. १७८७ साली किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरी राजाचे ताम्रपट सापडले, इसवी सन १०१७ चे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या दानाची नोंद तांब्यावर कोरून मातीत पडलेली होती. ठाणं असं आहे. जमिनीखाली, भिंतीआड किंवा रोजच्या गर्दीखाली झाकलेलं. ते नुसतं दाखवून दिसत नाही, शेजारी उभं राहून सांगावं लागतं. सांगणारं माणूस घरचं असलं तर मूल ऐकतं, हा माझा अनुभव.

सुरुवात स्टेशनापासून करा. तुम्ही रोज जाता तेच. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, ओढायला तीन इंजिनं : साहिब, सिंध आणि सुलतान. एकवीस मैल येऊन ती थांबली ती इथं. देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीचं पहिलं शेवटचं स्टेशन ठाणं. पुढं खाडी होती. खाडीवर पूल झाला आणि १८५४ च्या मे महिन्यात गाडी कल्याणला पोचली.

हे आमच्या घरात पुस्तकातून आलेलं नाही. माझा आजा सांगायचा, त्याच्या आज्यानं रूळ पडताना पाहिले. एकच कोळीवाडा होता, मधून लाइन गेली आणि अर्धं गाव पूर्वेला, अर्धं पश्चिमेला राहिलं. आजही आमच्यात सोयरीक सांगताना ‘रुळापलीकडचे’ असं म्हणतात. पादचारी पुलावर भाच्याला घेऊन दोन मिनिटं उभे राहा (आत्यांना खालीच बसवा) आणि दोन्हीकडची घरं दाखवा. सकाळी नवाच्या आत किंवा अकराच्या नंतर जा, मधल्या वेळात पाय ठेवायला जागा नसते.

स्टेशनापासून सुभाष पथावर मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १ जून १८९३ ला सुरू झालं. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांपैकी. मराठी पुस्तकं एका जागी जपून ठेवायची, एवढ्याच ध्यासानं लोकांनी चालवलेली संस्था. जुन्या पुस्तकाचा वास घ्यायला मुलाला आत न्या. माझं अर्धं शिक्षण तिथल्या बाकावर झालं.

मग तलाव. तलावपाळी आपण म्हणतो, नाव मासुंदा. काठावर कोपिनेश्वर. जुनं देऊळ पोर्तुगीजांच्या काळात गेलं. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० साली देऊळ पुन्हा उभं केलं. पिंडी एवढी मोठी आहे की एका माणसाच्या कवेत मावणार नाही. सकाळी लवकर गेलात तर गाभाऱ्यात गर्दी कमी असते. अभिषेकाचं पाणी पिंडीवरून हळू उतरत असतं, ओलं बेलाचं पान मध्येच चिकटून राहतं, मागच्या धारेनं सुटतं, परत थोडं खाली चिकटतं. लहानपणी आई पूजा करायची आणि मी ते पान खाली पोचेपर्यंत बघत बसायचो. आवारात ब्रह्मदेवही आहे, तो दाखवायला विसरू नका, ब्रह्मदेवाची पूजा फार ठिकाणी होत नाही.

त्याच तलावाच्या काठी सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. पोर्तुगीजांच्या वेळचं. पण ठाण्यातली ख्रिस्ती लोकांची गोष्ट त्याही आधीची. १३२१ साली इथं चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले आणि नंतर आलेल्या ओडोरिक नावाच्या प्रवाशानं त्यांच्या अस्थी जहाजातून थेट चीनला नेल्या. ठाणं तेव्हा बंदर होतं, जगाला माहीत असलेलं.

आणि शेवटी किल्ला. बऱ्याच ठाणेकरांनाही हे ठाऊक नसतं : ठाण्याचा किल्ला म्हणजेच आपलं सेंट्रल जेल. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, पुरा होण्याआधी मराठ्यांकडे आला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला आणि पुढं त्याचा तुरुंग केला. आजही तुरुंगच चालू आहे, त्यामुळे आत जाता येत नाही आणि फोटो काढायचा नाही. रस्त्यावरून बुरूज दिसतो. काळा दगड, सांध्यासांध्यांतून पिंपळाची रोपटी. तेवढंच दिसतं, पण तिथं उभं राहून दोन गोष्टी सांगा.

पहिली त्रिंबकजी डेंगळे यांची. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून दुसऱ्या बाजीरावाच्या या कारभाऱ्याला इथं डांबलं होतं. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठी कळत नव्हतं. एका साहेबाचा मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, रोज घोडा घेऊन खिडकीखालून जायचा आणि घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा. पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यात. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटले. बारा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

दुसरी सांगताना माझा आवाज अजून बसतो. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ ला गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे, आणि त्यांच्यासोबत कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे. तिघांना १९ एप्रिल १९१० ला याच भिंतींच्या आत फाशी दिलं. अनंतराव अठरा वर्षांचे होते. मी दर वर्षी नववीच्या मुलांना त्या भिंतीशी न्यायचो. माझ्या वर्गातली मुलं त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी लहान, एवढाच फरक. तिथं मी फार बोलायचो नाही.

अंबरनाथ, घोडबंदर ही नावं आता इथं येतीलच. चांगलीच आहेत. पण दोन सकाळींत आत्यांना घेऊन नका पळू.


टेंभीनाक्याची शिल्पा

सरांनी सगळं लिहिलंय, आमच्या टेंभीनाक्याचं तेवढं राहिलं. इथं शार हाशमाइम सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, १८७९ चं. बेने इस्रायली लोक, कोकणात शनवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी बोलणारे. माझ्या आईच्या शेजारी असं एक कुटुंब होतं, त्यांच्या आजी आईला पुरणपोळीची परात मागायला यायच्या! बाहेरून बघायला हरकत नाही, आत जायचं तर आधी परवानगी विचारा, पुरुषांनी डोकं झाकायचं. शनिवारी नका जाऊ, त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस.

जवळच पारशांची पटेल अग्यारी, १७८० ची. तिथं पारशी सोडून कुणाला आत प्रवेश नाही, तेव्हा फाटकाशी घोळका करू नका, चालता चालता दाखवा. आणि सेंट जेम्स चर्चही लांब नाही, इंग्रजांचं, १८२५ चं.


चेंदणीकर

शिल्पाताई, बरं केलंत. सेंट जेम्स मी विसरलो, आणि ते विसरायला नको होतं. १८२५ साली त्या चर्चच्या विधीसाठी कलकत्त्याचे बिशप हेबर आले होते. मोतद्दाराच्या गाण्याची हकीकत त्यांनीच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे. तेव्हा चर्च आधी दाखवा आणि किल्ला नंतर, म्हणजे गोष्ट नीट लागते.


डोंबिवलीचा मकरंद

सरांचा विरोध पत्करून अंबरनाथचं नाव घेतोच. इ. स. १०६० चं शिलाहारांचं शिवमंदिर उभं आहे, ठाण्याहून लोकलनं जाता येतं, पुढं रिक्षा. ठाण्यात जे जमिनीखाली गेलं ते तिथं उघड्यावर दिसतं. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीव काम बघताना मान दुखते. पण गाभारा खाली आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. आत्यांना जमणार नाही, हे खरं.


बाळकुमची माधवी

सर, शिल्पाताई, सगळ्यांचेच आभार. मी सगळं वहीत उतरवून घेतलंय. एकच विचारायचं : आत्यासाठी दोन सकाळी कशा वाटून घेऊ?


चेंदणीकर

पहिल्या सकाळी कोपिनेश्वर, तलावाची एक फेरी, काठावर बसायला जागा आहेत. मग चर्च, आणि घरी. दुसऱ्या सकाळी रिक्षानं टेंभीनाका, तिथून हळूहळू सेंट जेम्स आणि कोर्टनाक्याच्या बाजूनं जेल. परतताना रिक्षा करा. स्टेशन आणि ग्रंथसंग्रहालय भाच्याला एकट्याला घेऊन जा, आत्यांना तेवढा वेळ झोपू द्या. जांभळी नाक्याच्या बाजारातून आत्यांना नेऊ नका, धक्के लागतात.


बाळकुमची माधवी

काल पाहुणे गेले. सर, तुम्हाला सांगायलाच पाहिजे.

कोपिनेश्वरला सकाळी साडेसहाला पोचलो. तुम्ही लिहिलेलं पान आम्ही सगळेच बघत उभे होतो, मागच्या बाईंना दोनदा “जरा पुढं व्हा” म्हणावं लागलं. आत्यानं ब्रह्मदेवाला दोनदा नमस्कार केला. सिनेगॉग बाहेरूनच पाहिलं, विचारायला कुणी भेटलं नाही.

जेलपाशी मोतद्दाराची गोष्ट मी जमेल तशी सांगितली. भाच्यानं लगेच विचारलं, गाण्याचे शब्द काय होते, चाल कुठली, आणि पहारेकऱ्यांपैकी एकालाही संशय कसा आला नाही? मला शब्द येत नव्हते. रिक्षा येईपर्यंत तो स्वतःच काहीतरी जुळवत, गुणगुणत भिंतीकडे बघत होता. कान्हेऱ्यांचं आतेभावानं सांगितलं. आत्या काही बोलली नाही, चपला काढून तिथंच फुटपाथवर हात जोडले.

आज फ्लॅटची किल्ली द्यायला गेले तर जेवणाच्या टेबलावर मालकांचा तो मॉलचा कागद उलटा पडलेला. मागच्या कोऱ्या बाजूला भाच्यानं पेन्सिलनं किल्ला काढलाय. एक बुरूज, त्याला उंचावर खिडकी, खाली घोडा आणि तोंड उघडून गाणारा माणूस. कोपऱ्यात तलाव, आणि वरून जाणारे दोन रूळ, त्यांच्या दोन्ही बाजूंना घरं. घरांवर लिहिलंय : ‘सरांचं गाव’ आणि ‘हेपण सरांचं गाव’.

सर, कागद मी घरी आणलाय. तुम्ही ग्रंथसंग्रहालयात कधी असता ते कळवा, घेऊन येते.