कॉइल नवी बसवूनही दुसरा सिलिंडर मिस मारतो : मदत हवी आहे

गचके_खाणारा :
चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून मी गाडीला स्कॅनर लावून पाहिला, तेव्हा पी०३०२ हा कोड आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट पेटत नाही). त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) मी काल घरीच बदलली. एक कनेक्टर आणि एक बोल्ट, यापलीकडे त्या कामात काहीच नाही. कोड पुसून गाडी सुरू केली, जागेवर ती अगदी व्यवस्थित चालली. मात्र चढावर ॲक्सिलरेटर दाबताच पुन्हा तेच गचके आणि पुन्हा तोच कोड. नवी कॉइल खराब निघू शकते का, की चारही कॉइल एकदम बदलाव्या लागतात? गाडी रोज लागते, त्यामुळे कृपया नेमके उत्तर द्यावे. ‘मेकॅनिककडे न्या’ हा सल्ला मला आधीच मिळालेला आहे.

चौकस :
गाडी कोणती, किती किलोमीटर चाललेली, स्पार्क प्लग कधी बदलले, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. शिवाय दुसरा सिलिंडर कोणत्या बाजूने मोजलात? बहुतेक इंजिनांत पहिला सिलिंडर टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूला असतो, परंतु काही फ्रेंच कंपन्या फ्लायव्हीलच्या बाजूने मोजतात. अशा इंजिनात आपण दुसऱ्याऐवजी तिसऱ्याची कॉइल बदलून बसला असाल.

चारही_एकदम :
एक कॉइल गेली म्हणजे उरलेल्या तिघी रांगेत उभ्या आहेत असे समजावे. चौघींनी सारखीच उष्णता आणि सारखाच वापर सोसलेला असतो. माझ्या गाडीत दोन महिन्यांच्या अंतराने तीन कॉइल गेल्या, तेव्हापासून मी पूर्ण संच बदलतो. आपणही तेच करावे आणि विषय मिटवावा.

तेलकट_हात :
वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. जी कॉइल काम करते आहे ती बदलून दोष सापडत नाही, फक्त खर्च वाढतो. आधी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा आणि गाडी त्याच चढावर न्या. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे नवी कॉइलच सदोष आहे. कोड पी०३०२ वरच राहिला तर कॉइलचा नाद सोडून द्यावा.

चारही_एकदम :
अदलाबदल करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात नव्या चार बसतात.

तेलकट_हात :
बसतात, परंतु त्यानंतर गाडी तसेच गचके देऊ लागली तर पुढे काय करायचे?

मोजून_मापून :
मल्टिमीटर असल्यास कॉइलच्या प्रायमरी गुंडाळीचा रोध मोजावा, पाच मिनिटांत उत्तर मिळते.

तेलकट_हात :
ते दोन पिनांच्या कॉइलला लागू पडते. तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारे सर्किट) आतच बसवलेला असतो, त्यामुळे बाहेरून गुंडाळीपर्यंत मल्टिमीटर पोहोचत नाही आणि दिसणारा आकडा दिशाभूल करतो. शिवाय ताण पडल्यावरच चुकणारी कॉइल थंड स्थितीत मोजल्यास बहुधा ठीकच दिसते.

गचके_खाणारा :
चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे, त्यात आणखी काय सांगायचे? सिलिंडर बेल्टच्या बाजूने मोजले आहेत आणि तसेच ते गाडीच्या पुस्तिकेतही आहे. कॉइलला तीन पिना आहेत, म्हणजे मल्टिमीटरचा प्रश्न मिटला. अदलाबदल आज संध्याकाळी करून पाहतो.

स्वच्छ_इंधन :
माझ्या अनुभवानुसार निम्म्याहून अधिक तक्रारी इंजेक्टरमधील घाणीच्या असतात. टाकीत इंजेक्टर साफ करणारे द्रव्य ओतावे. माझ्या गाडीचे ॲव्हरेजही त्याने सुधारले.

चौकस :
ॲव्हरेजविषयी येथे कोणी विचारलेले नाही. इंजेक्टरमुळेही पी०३०२ येऊ शकतो हे खरे. परंतु प्लग अजून कोणी पाहिलेलाच नाही आणि आपण थेट टाकीपर्यंत पोहोचलात.

सावधान :
कॉइलला हात लावण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढलीच पाहिजे. ती काढली होती का?

तेलकट_हात :
किल्ली काढून इग्निशन बंद केले आणि थोडे थांबले की तेवढ्याने भागते. तार काढल्यास काही गाड्यांत रेडिओचा कोड पुन्हा घालावा लागतो आणि जागेवरची चाल नीट बसायला वेळ लागतो.

सावधान :
भागते आणि सुरक्षित असते यांत फरक आहे. कॉइल बारा व्होल्टचे वीस ते चाळीस हजार व्होल्ट करते, हे विसरू नये.

तेलकट_हात :
ते इंजिन चालू असताना. म्हणूनच चालू इंजिनावर कॉइल उपटून ‘कोणता सिलिंडर मेला आहे’ हे पाहण्याची जुनी सवय सोडावी. त्यात झटका बसतो आणि चांगली कॉइलही जाते. बंद इंजिनावर मात्र एवढी भीती बाळगण्याचे कारण नाही.

गचके_खाणारा :
अदलाबदल केली. नवी कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर. चढावर कोड पुन्हा पी०३०२ च आला, म्हणजे कॉइल निर्दोष आहे. येताना चेक इंजिनचा दिवा थोडा वेळ लुकलुकत होता. प्लग काढलेले नाहीत, कारण ते गेल्याच वर्षी बदलले आहेत. एक सांगायचे राहिले. जुनी कॉइल ओढताना प्लगवर बसणारे तिचे रबर तुटून विहिरीत (प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो त्यात) प्लगला चिकटून राहिले होते, ते मी लांब पकडीने इकडे-तिकडे हलवून बाहेर काढले. रबर संपूर्ण निघाले, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध नसावा.

जुना_मेकॅनिक :
त्याचाच संबंध असण्याची शक्यता सर्वाधिक आहे आणि ही एक ओळ आपण पहिल्याच दिवशी लिहिली असती तर बरे झाले असते. प्लगचा वरचा पांढरा भाग चिनी मातीचा असतो. सरळ वर ओढले तर त्याला काही होत नाही, परंतु पकडीने आडवा जोर दिला की त्याला केसासारखी भेग जाते. जागेवर इंजिन चालत असताना सिलिंडरमधील दाब कमी असतो आणि थोड्या व्होल्टेजवरही प्लगच्या टोकाशी असलेल्या फटीत ठिणगी पडते, म्हणून आपली गाडी उभी असताना शहाणी वाटते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की दाब वाढतो, तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते, आणि मग विजेला खालच्या फटीपेक्षा बाजूच्या भेगेतून प्लगच्या लोखंडी अंगावर उतरणे सोपे पडते. ठिणगी पडते, पण पडायची तेथे पडत नाही.

प्लग काढण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधील आटे खराब होतात. त्यानंतर ती विहीर व्हॅक्यूमने साफ करावी. चिनी मातीचा तुकडा सुटलेला असेल आणि प्लग काढताना तो सिलिंडरमध्ये पडला, तर भिंतीवर ओरखडे येतील. दिवा लुकलुकला म्हणजे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या, सायलेन्सरच्या नळीतील भागात) जाऊन तेथे जळत आहे. प्लग बदलेपर्यंत गाडी चढावर नेऊ नये, शक्यतो बाहेरच काढू नये.

चारही_एकदम :
मग निदान चारही प्लग तरी बदलावेत.

जुना_मेकॅनिक :
याला माझा विरोध नाही. झिजलेल्या प्लगची फट रुंद होते, तिच्यापायी कॉइलला दरवेळी जास्त जोर लावावा लागतो आणि शेवटी तीच जाते. मात्र वर्षभरापूर्वीचे प्लग इरिडियमचे असतील तर उरलेल्या तिघांना फक्त पाहून परत बसवावे.

गचके_खाणारा :
दुसऱ्या सिलिंडरचा प्लग माझ्यासमोर टेबलावर आहे. नुसत्या डोळ्यांना तो धडधाकट दिसत होता. फडक्याने पुसून खिडकीच्या उजेडात फिरवला, तेव्हा पांढऱ्या भागावर वरपासून लोखंडी कडेपर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ दिसली. नखाने खरवडली तरी ती जात नाही आणि नख तिच्यावर किंचित अडते. नव्या कॉइलच्या रबरातही आतून, बरोबर तेवढ्याच जागी, फिकट राखाडी डाग पडला आहे. विहिरीच्या तळाशी थोडे तेलही होते. नवीन प्लगला आट्यांवर ग्रीस लावायचे असते का?

चारही_एकदम :
आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) अवश्य लावावे, नाहीतर पुढच्या वेळी प्लग निघणार नाही.

जुना_मेकॅनिक :
लावू नये. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो. त्यावर अँटी-सीझ लावले की तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) प्रत्यक्षात जास्त बसतो आणि आटे ताणले जातात. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस मात्र रबराच्या आतल्या कडेला पातळसे लावावे, म्हणजे पुढच्या वेळी रबर तुटून आत राहणार नाही. प्लग आधी हाताने पूर्ण फिरवून बसवावा आणि मग टॉर्क पाना लावावा. आकडा पुस्तिकेत असतो; १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला तो साधारण २५ न्यूटन मीटरच्या आसपास, १२ मिलिमीटरला त्याहून कमी. राखाडी डाग पडलेले रबरही बदलावे, कारण विजेला एकदा सापडलेली वाट ती नव्या प्लगवरही शोधते. रबर सुटे मिळत नसेल तर कॉइल पुन्हा घ्यावी लागेल.

गचके_खाणारा :
रबर सुटे मिळाले. प्लग चारही नवे बसवले, त्याच चढावर दोनदा गेलो, कोड नाही आणि गचकाही नाही. तेलाचे काय करावे?

तेलकट_हात :
ते टॅपेट कव्हरखालच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालच्या) विहिरीच्या सीलमधून येते. तेल रबर फुगवते आणि सैल करते. आपले जुने रबर तुटण्याचे कारणही बहुधा तेच असावे. सील बहुतेक वेळा कव्हरच्या पॅकिंगबरोबरच मिळतात. तोपर्यंत महिन्यातून एकदा कॉइल उचलून विहिरीत पाहावे आणि कॉइल सरळ वर, थोडी फिरवून ओढावी.

चारही_एकदम :
तिसरी कॉइल गेली की कळवा.