फादर बदलले की व्हिजनही बदलतं. मग धर्मग्राम नक्की कोणाचा?

वाडीवाला

वसईतल्या एका धर्मग्रामातून (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजातून) लिहितोय. कुठल्या ते सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आहे.

जूनमध्ये नवे प्रमुख धर्मगुरू आले. माणूस उत्साही, प्रवचन दहा मिनिटांत आटोपतं, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. पाळकीय समितीच्या (फादरांना सल्ला देणाऱ्या लोकांच्या समितीच्या) पहिल्याच बैठकीत त्यांनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली: ‘पाच वर्षांनी आपला धर्मग्राम कसा दिसावा?’ सगळे मान खाली घालून लिहू लागले. मी पेन हातात धरून बसलो. त्याच आठवड्यात ऑफिसचं कपाट आवरताना मला एक गुंडाळलेला फ्लेक्स सापडला होता, एक कोपरा उंदराने कुरतडलेला. 2019 चा. त्यावर चार उद्दिष्टं: अंथरुणाला खिळलेल्यांना दर रविवारी घरी कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद), दारूत बुडालेल्या घरांना आधार, तरुणांना नोकरीधंद्याचं मार्गदर्शन आणि पूर्वेकडच्या इमारतींतल्या नव्या कुटुंबांची नोंद.

ही चार वाक्यं लिहायला आम्हाला आठ महिने लागले होते. लघु ख्रिस्ती समूहांच्या (शेजारच्या घरांच्या गटांच्या) बैठका, घरोघर फिरणं, एका म्हातारीने दारातच सुनावलेलं ‘सणाच्या वर्गणीशिवाय कधी आलात रे?’ हे सगळं करून. मग कोविड आला, मग फादरांची बदली झाली. त्यांच्यानंतर आलेल्या फादरांचं व्हिजन म्हणजे हॉलला स्टेज आणि लाद्या. स्टेज छान झालं, त्याबद्दल तक्रार नाही. आणि आता पुन्हा कोरी चिठ्ठी.

मी चिठ्ठीवर ‘फ्लेक्स वाचा’ एवढंच लिहिलं.

माझं म्हणणं सरळ आहे. फादर पाच-सहा वर्षांसाठी येतात. आमचे आजोबा-पणजोबा इथल्याच मातीत आहेत, आम्हीही तिथेच जाणार. मग दिशा लोकांनी ठरवावी, लोकांनी जपावी आणि नवे फादर आले की ती त्यांच्या हातात द्यावी. आज उलटं चाललंय. 1983 च्या कॅनन लॉमध्ये (चर्चच्या कायद्यात) पाळकीय समिती (कलम 536) बिशपांना योग्य वाटलं तरच नेमायची आहे, अध्यक्ष फादर आणि समितीचं मत फक्त सल्ल्यापुरतं. ऑक्टोबर 2024 मध्ये रोममधल्या सिनडने (कॅथलिक चर्चच्या जागतिक सभेने) अंतिम दस्तऐवजात अशा समित्या सक्तीच्या कराव्यात असा आग्रह धरला. समिती सक्तीची होईल हो, पण तिची आठवण कोण सक्तीची करणार?

निवृत्त मास्तर

वाडीवाले, तुमची तळमळ पोचली, पण दिशा चुकली.

देऊळ (आपलं चर्च) म्हणजे हाउसिंग सोसायटी नव्हे आणि पाळकीय समिती म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. ‘व्हिजन’, ‘लीडरशिप’ हे शब्द कंपन्यांच्या प्रशिक्षणातून आले आणि आपण ते वेदीपर्यंत नेले. धर्मग्रामाचं व्हिजन दोन हजार वर्षांपूर्वी शुभवर्तमानात लिहून झालंय, ते दर रविवारी वाचलं जातं. फ्लेक्सची गरजच काय?

मी लहानपणी वेदीसेवक होतो. फादर पाठमोरे उभे राहून लॅटिनमध्ये ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हणायचे आणि आम्ही पोरं ‘एत कुम स्पिरितु तुओ’ असं घोकलेलं उत्तर द्यायचो, अर्थ शून्य. मग दुसरी व्हॅटिकन परिषद (जगभरच्या बिशपांची सभा) झाली आणि एके दिवशी मिस्सा (देवळातली मुख्य उपासना) मराठीत आली. मतदान घेतलं असतं तर आमच्या गावाने लॅटिनच ठेवली असती! आमचा आजा महिनाभर कुरकुरत होता की मराठीत देवाला ऐकू जाईल का. वरून कोणीतरी ठरवलं म्हणून झालं. मेंढपाळाने कळपाला विचारत बसायचं नसतं.

आगमनकाळ

मास्तर, आदर ठेवूनच बोलते, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत.

हुकूम वरून आला हे खरं. पण मराठी गीतं कोणी शिकवली? माझी आई सांगते, बायका संध्याकाळी भाजीच्या टोपल्या बांधून झाल्या की ओटीवर बसून चाली घोकायच्या. हुकूम निघाला एका दिवशी, तो अंगी लागायला वर्षं गेली, आणि ती वर्षं लोकांनी दिली.

आता वाडीवाल्यांना एक प्रश्न. ‘लोकांनी ठरवावं’ म्हणता, त्यात लोक म्हणजे कोण? तुमच्या समितीत बायका किती? आमच्याकडे धर्मशिक्षणाचे वर्ग जवळजवळ सगळे बायका आणि सिस्टर चालवतात, आजाऱ्यांकडे बायका जातात, वेदीची फुलं बायका करतात. समितीच्या बैठकीत मात्र पुढच्या रांगेत पुरुष. आम्ही मागे, आणि पावणेनऊ वाजले की कोणीतरी आमच्याकडे बघतो, चहासाठी. तुमची आठ महिन्यांची मेहनत खरी असेल, पण त्या म्हातारीने जे दारात सुनावलं ते समितीतल्या कोणी बाईने आधीच सांगितलं असतं. विचारलं असतं तर.

वाडीवाला

@आगमनकाळ: बावीसपैकी पाच. मान्य. आणि चहाचंही मान्य.

@मास्तर: शुभवर्तमान दिशा देतं, पण आपल्या गावात अंथरुणाला कोण खिळलंय त्यांची नावं शुभवर्तमानात नाहीत, मास्तर. ती वहीतच लिहावी लागतात. आमच्याकडे ती वही होती, आता सापडत नाही.

फ्लॅट नं 304

गमतीदार धागा. त्या फ्लेक्सवरचं चौथं उद्दिष्ट म्हणजे मी.

आम्ही मूळचे मंगळूरचे, घरी कोंकणी. अंधेरीतून नालासोपाऱ्याला आलो, कारण तिथल्या भाड्याएवढ्या हप्त्यात इथे घर झालं. माझ्या मजल्यावर चार ख्रिस्ती घरं: आम्ही, एक तमिळ, एक गोव्याचं आणि एक वसईचंच कुपारी (इथल्या जुन्या ख्रिस्ती समाजातलं), जे वाडी विकून इथे आलंय. पहिल्या रविवारी देवळात गेलो तेव्हा कोणीतरी प्रेमाने विचारलं, ‘तुम्ही कुठले?’ दहा वर्षं झाली, अजून तेच विचारतात. प्रेमानेच.

आजोबा-पणजोबा मातीत आहेत म्हणून धर्मग्राम आपला, हे वाचलं आणि थोडं टोचलं. माझे आजोबा इथल्या मातीत नाहीत. मी मात्र बहुतेक इथेच जाणार, आणि कब्रस्तानात जागा मिळेल का हेसुद्धा मला अजून माहीत नाही. सामायिक व्हिजन म्हणताना ते नक्की कोणाकोणात सामायिक आहे? इंग्रजी मिस्सा मागितली तर ‘मराठी संपवायला निघाले’ म्हणतात. मला मराठी संपवायची नाही, माझा मुलगा शाळेत मराठीत माझ्यापेक्षा बरे मार्क आणतो. पण बायकोच्या आईला पापनिवेदन करायचं असतं तेव्हा कोंकणी कळणारे फादर शोधत फिरावं लागतं.

हिशेबनीस

भावनिक चर्चा झाली असेल तर पैशाकडे येऊ.

कलम 536 सगळ्यांनी वाचलं, त्याच्या खालचं 537 वाचा. आर्थिक समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, तिथे बिशपांच्या मर्जीचा प्रश्न नाही. म्हणजे कायद्याने पैशाच्या समितीला जास्त वजन दिलंय, आणि मला ते बरोबर वाटतं. दिशा बदलते कधी? पैसा दुसरीकडे वळतो तेव्हा. स्टेजला लागलेले पैसे कुठल्या खात्यातून आले, एवढं वाडीवाल्यांनी 2019 नंतर विचारलं असतं तर चार उद्दिष्टांचं काय झालं ते फ्लेक्स न उघडताही कळलं असतं.

एक जुनं उदाहरण. बॅसीन कॅथॉलिक बँक 1918 ची. धर्मगुरूच्या पुढाकाराने उभी राहिली, सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा म्हणून. सुरू करणारे गेले, किती संचालक आले-गेले, बँक चालू आहे. का? नोंदी, सभा, लेखापरीक्षण. प्रत्येक पिढीला नवं स्वप्न पडायची गरज लागली नाही.

निवृत्त मास्तर

बँकेचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. बँक बँकेसारखी चालावी, देऊळ देवळासारखं. आणि बँकेवर रिझर्व्ह बँक आहे. समितीवर कोण? निवडणुका लावल्या की पॅनल पडतील, पॅनल पडली की राजकीय पक्ष आत येतील. वसईत राहता ना?

हिशेबनीस

राहतो, आणि म्हणूनच निवडणूक मागितलेली नाही. भिंतीवर तिमाही हिशेब लावायची मागणी आहे. एक कागद, चार पिना.

एक धर्मगुरू

नाव लिहीत नाही. तीन धर्मग्रामांत प्रमुख होतो, त्यामुळे कपाटातला फ्लेक्स कुठून येतो ते मला आतून माहीत आहे.

आम्ही नव्या जागी जातो तेव्हा आधीचे फादर बहुधा एकदा जेवायला बोलावतात, चाव्या देतात, छत कुठे गळतं ते सांगतात. समितीचे लोक भेटायला येतात ते दोन गटांत, आणि दोन्ही गट आधीच्या फादरांबद्दल बोलतात. चालू कामांबद्दल कोणी बोलत नाही. अशा वेळी कोरी चिठ्ठी वाटणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. मीही वाटल्या आहेत. दोषी.

पण वाडीवाले, एक गोष्ट मला खटकते. तुम्ही म्हणता दिशा लोकांची, फादरांनी ती हातात घ्यावी. मग रात्री दोन वाजता मयतासाठी फोन येतो, शाळेच्या फीसाठी आई रडत येते, दोन भावांचा बांधावरून वाद ऑफिसात येतो, तेव्हा सगळं ‘फादर’ असतं. लोकांची दिशा तेव्हा झोपलेली असते. नेतृत्व वाटून घ्यायचं तर हे ओझंही वाटून घ्या. माझ्या दुसऱ्या धर्मग्रामात एका समूहाने मयताची सगळी जबाबदारी घेतली होती: खड्डा, गाडी, नोंद, घरच्यांचं दोन दिवसांचं जेवण. व्हिजन हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. मी बदलून गेलो तरी ते काम चालू राहिलं, कारण ते मी सुरूच केलं नव्हतं.

आणि कायद्याबद्दल एक दुरुस्तीवजा माहिती. बिशपपद रिकामं झालं की धर्मप्रांताची (बिशपांच्या अखत्यारीतल्या सगळ्या धर्मग्रामांची) पाळकीय परिषद संपते, असं कलम 513 मध्ये आहे. धर्मग्रामाच्या समितीबद्दल सार्वत्रिक कायद्यात तसं वाक्य नाही. तरी नवे फादर आले की समिती नवी, ही सवय आपण लावून घेतली आहे. सवय मोडायला रोमची परवानगी लागत नाही, पण धर्मप्रांताचे नियम आधी बघा.

जहाजवाला

बोर्डवरून लिहितोय, नेट तुटक येतं.

युवा गटात आठ वर्षं होतो. आमचं नेतृत्व म्हणजे खुर्च्या लावणे, खुर्च्या उचलणे, नाताळला गोठा आणि सणाला पार्किंग. 2022 मध्ये त्याच सिनडच्या तयारीचे फॉर्म आले, आम्ही रात्रभर बसून भरले. बेरोजगारी, दारू, वाडी विकून मोकळे झालेले बाप, सगळं लिहिलं. पुढे काय झालं कोणी सांगितलं नाही. नंतर आमच्यातले चार जण कॅनडाला गेले, दोघं गल्फला, मी इथे पाण्यात.

जहाजावर साइन ऑफ करताना हँडओव्हर नोट्स लिहाव्या लागतात. कुठला पंप आवाज करतो, कुठलं काम अर्धं आहे, कुठला सुटा भाग मागवलाय. नवा माणूस वाचतो, दोघं सही करतात, मग जुना शिडीवरून उतरतो. कॅप्टन कितीही मोठा असू दे. तेवढं आपल्याकडे करता येणार नाही का? बदली मे-जूनमध्ये होते हे सगळ्यांना माहीत असतं. एप्रिलमध्ये समितीने चार पानं लिहावीत, जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही फादरांनी सह्या कराव्यात.

निवृत्त मास्तर

चार पानांना माझी हरकत नाही. सहीला आहे. सही म्हणजे करार, आणि मेंढपाळ करारावर ठेवता येत नाही.

आगमनकाळ

मास्तर, लग्नातही सही करतो की आपण, आणि तो संस्कारच असतो.

फ्लॅट नं 304

मास्तरांना उत्तर मिळालं, मला अजून नाही. त्या चार पानांत आमच्या इमारती येणार की नाही? की पुन्हा ‘पूर्वेकडची कुटुंबं’ असं एका ओळीत?

वाडीवाला

@304: ‘आजोबा-पणजोबा’वालं वाक्य परत वाचलं. ते मी चुकीचं लिहिलं. बदलत नाही, राहू दे, म्हणजे तुमचा प्रतिसाद कशाला आहे ते नंतर वाचणाऱ्याला कळेल. पूर्वेच्या यादीसाठी तुमच्या मजल्यावरच्या चार घरांपासून सुरुवात करू या का? मी मराठी आणि मोडकी हिंदी बोलतो, कोंकणी तुम्ही सांभाळा.

@एक धर्मगुरू: रात्री दोनचा फोन. खरंय. आम्ही फ्लेक्सवर ते लिहिलंच नव्हतं. चारही उद्दिष्टांना कर्ता नव्हता, आता दिसतंय. ‘कम्युनियन पोचवले जाईल’, ‘नोंद केली जाईल’. कोण करील ते कुठेच नाही.

@मास्तर: सहीवर आपलं जमणार नाही. फादरांनी सही केली नाही तर नाही, समितीची तरी असेल.

रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर बैठक आहे. जहाजवाल्याची चार पानं आणि हिशेबनीसांचा कागद, दोन्ही विषयपत्रिकेवर टाकायला सांगितलेत. चहाच्या आधी. आणि चहा या वेळी मी करणार आहे.