हॉलंडचं काचघर आणि आमची क्षारपड

कृष्णाकाठ (वाळवा)
काल 'माणदेशी' यांनी लिहिलं : "जग काचेच्या घरात टोमॅटो पिकवतंय आणि सांगली-सातारचा शेतकरी अजून पाटानं ऊस भिजवतोय. हॉलंड बघा, इस्रायल बघा, मग बोला." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. शेती एका साच्यातून निघालेली नाही. पश्चिम आशियात ती गहू-सातूनं सुरू झाली, चीनमध्ये भातानं, मेक्सिकोत मक्यानं. फिलिपाइन्सच्या इफुगाव लोकांनी डोंगर कोरून खाचरं केली, कारण त्यांच्याकडं सपाट रान नव्हतंच. हॉलंडच्या काचघरामागं ते तापवायला १९५९ साली सापडलेला ग्रोनिंगेनचा नैसर्गिक गॅस होता आणि माल पाठवायला दाराशी रॉटरडॅम बंदर. आपल्या राज्यात २०१५-१६ च्या कृषी गणनेत सरासरी शेतजमिनीचं खातं १.३४ हेक्टरचं. त्यातही भावाभावांत वाटणी. काचघर बांधू कुठं, गोठ्यावर?

माणदेशी
काचघर बांधा असं मी म्हटलंच नाही, पाणी मोजा म्हटलं. आमच्या दहिवडीकडं मी लहानपणी टँकरमागं घागर घेऊन पळालोय. ७२ च्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला होते. तिकडं नेगेव्हच्या वाळवंटात हात्झेरिम किबुत्झनं, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीनं, १९६५ ला ठिबकचा कारखाना काढला, आणि तुम्ही नदी उशाला घेऊन उसाच्या अडसाली लागणीला सोळा-सोळा महिने पाट सोडता. मिरज, वाळवा, पलूसची रानं मीठ वर येऊन पांढरी पडली, ती कुणी केली? आम्ही?

द्राक्षबाग (तासगाव)
ठिबकचं कौतुक आम्हाला सांगू नका, बागेत पहिल्यापासून ठिबकच आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, फुलोऱ्यात पाऊस लागला, डावणी रोगानं घड गळाले. औषधाची उधारी अजून फिटली नाही. आमच्या भागातली द्राक्षं त्याच रॉटरडॅमला उतरतात, पण दर ठरवताना आम्हाला कोण विचारतं? नवं तंत्र घेतलं की शेतकरी सुधारला, हे बोलायला सोपं आहे.

माणदेशी
दराचा धागा वेगळा काढा. मुद्दा पाण्याचा चाललाय.

कृष्णाकाठ (वाळवा)
पाण्याचंच सांगतो, तेही घरातलं. आमचं दीड एकर नदीकडचं रान. उन्हाळ्यात ढेकूळ हातात घेतलं की बोटाला पिठासारखी पांढरी बुकणी लागायची. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. वडिलांना वाटलं तहान लागलीय, त्यांनी आणखी पाणी दिलं. त्यांना मूर्ख म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणा. पाणी योजनांनी पाणी आणलं, निचऱ्याचा चर कुणी काढला नाही.

शिक्षिका (कराड)
दोघांनीही जरा दम खा. हे आधी घडून गेलंय. दक्षिण मेसोपोटेमियात कालव्यांनी शेती फुलवली, निचरा नव्हता, मीठ वर आलं. गहू हळूहळू गेला आणि खारं सोसणारी सातू वाढत गेली. चार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आणि माणदेशी, हॉलंडकडून शिकायचंच तर काचघर सोडा. त्यांचा साधारण पाव देश समुद्रसपाटीखाली आहे. बांध घालून, चर काढून, पंपानं पाणी उपसून त्यांनी ती जमीन कसायला घेतली. वाळव्याला ते शिक्षण जास्त लागू पडतं.

माणदेशी
हे मान्य करावं लागतंय. काचघर मागं घेतो. ठिबकचा मुद्दा मागं घेणार नाही.

कृष्णाकाठ (वाळवा)
ठिबक मीही टाकलंय, वरच्या एकरात. पाणी जवळजवळ निम्म्यावर आलं, खोटं कशाला बोलू. पण खालच्या रानात आधीच चढलेलं मीठ ठिबकनं जात नाही. तिथं कमरेएवढे चर घेऊन सच्छिद्र पाईप पुरायचेत आणि पाणी ओढ्यात सोडायचंय. ओढा आहे शेजारच्या चुलतभावाच्या रानापलीकडं. दोन वर्षं झाली, तो त्याच्या बांधातून पाईप न्यायला सही देत नाही. म्हणतो, तुझं खारं पाणी माझ्या रानात मुरलं तर? पाईपला भोकं नाहीत त्या टप्प्यात, हे दाखवायला तुकडा घेऊन गेलो, तर दार लावून घेतलं.

द्राक्षबाग (तासगाव)
त्याच्याही रानात मीठ फुटलंय का?

कृष्णाकाठ (वाळवा)
ओढ्याकडच्या चार सऱ्या पांढऱ्या झाल्यात. यंदा तिथं तोडलेल्या उसाचा खोडवा फुटलाच नाही.

माणदेशी
मग रविवारी मी येतो. त्या चार सऱ्यांत उभं राहूनच त्याच्याशी बोलू.