समुद्राकडे तोंड केलेल्या तोफांच्या 'बॅटरी'ला मराठीत काय म्हणावं?

निपाणीकर
किनाऱ्यावरच्या एका किल्ल्याची माहितीपाटी मराठी आणि कन्नडमध्ये करायची आहे. मूळ इंग्रजीत 'कोस्टल बॅटरी' आहे. म्हणजे खाडीच्या तोंडावर रोखलेल्या, एकाच्या हुकमाखालच्या सहा तोफा. मसुद्यात 'किनारी तोफखाना' आणि 'जंग्यांतून डोकावणाऱ्या तोफा' असं लिहिलंय. दोन्ही खटकतं. नुसतं 'बॅटरी' ठेवावं तर आपल्याकडे बॅटरी म्हणजे हातातली, रात्री शेतात पाणी सोडायला जाताना घेतात ती.

खानापूर
जंग्या आधी काढा. जंगी म्हणजे बंदुकीपुरतं तिरकं भोक, त्यातून तोफ डोकावणार कशी? तोफेसाठी तटाला रुंद खिडकी ठेवतात.

तोफखानाही नको. तोफखाना म्हणजे अख्खं खातं, त्यात तोफा, गाडे, बैल, दारूगोळा, गोलंदाज सगळं आलं. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याकडे होता तो तोफखाना. एका जागी मांडलेल्या तोफांना जुना शब्द मोर्चा. फारसी 'मोरचाल', म्हणजे खंदक, आडोसा. १८१८ च्या मार्च-एप्रिलात इंग्रज सेनापती मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला तो मोर्चे लावून, तीन आठवडे मारा करून. कचेरीवर निघतो तो मोर्चाही याच घरातला. आज 'जेवणाकडे मोर्चा वळवला' सहज म्हणतो, पण तोफांचा मोर्चा वळवायचा तर गाड्याखाली पहारी घालून चार-सहा माणसांनी एकेक तोफ रेटायची, मग पुन्हा नेम धरायचा.

चिकोडी
खानापूरकर अण्णा, मोर्चा वेढा घालणाऱ्याचा असतो, तात्पुरता. इथं तोफा कायमच्या आहेत. 'दमदमा' का नको? तोफा चढवायला केलेला मातीचा उंचवटा. कोलकात्याजवळच्या डमडमचं नाव त्यावरूनच पडलंय.

खानापूर
तटावर नेमून दिलेल्या जागेलाही मोर्चाच म्हणत, आतल्यांचेही मोर्चे असतात. आणि दमदम्यात उंची आली. समुद्रावरच्या तोफेला फार उंची सोसत नाही. तोफेचं तोंड ठरावीक कोनाखाली झुकत नाही, त्यामुळे गलबत तटाच्या जवळ आलं की गोळा त्याच्या वरून जातो. उलट तोफ पाण्याच्या पातळीजवळ असली तर सपाट सोडलेला गोळा टप्पे घेत जातो, तळ्यात खापरीच्या भाकऱ्या काढतात तसा. अंतर थोडं चुकलं तरी गलबताची कूस सापडते. तेव्हा आधी तोफा किती उंचीवर आहेत ते बघा की, मग शब्द ठरवा.

संकेश्वर
कन्नड मजकुराकडेही लक्ष ठेवा. कन्नडमध्ये तोफेला 'फिरंगी' म्हणतात. मराठीत फिरंगी म्हणजे पोर्तुगीज आणि फिरंग म्हणजे सरळ पात्याची तलवार. कन्नडवरून मराठी करणारा 'बुरुजावर सहा फिरंगी' लिहून मोकळा होईल आणि वाचणाऱ्याला सहा पोर्तुगीज दिसतील. 'तोपु'चंही तसंच. तोफ तर खरीच, पण झाडांची राईसुद्धा.

चिकोडी
बरं, दमदमा मागे घेतो. पाटीत तोफ भरण्याचा परिच्छेद असेल तर हे शब्द घ्या. ही ठासणीची तोफ, तोंडाकडून भरायची. आधी ओला बोळा आतून फिरवायचा. आत ठिणगी राहिली तर पुढची दारू ठासतानाच पेटते आणि ठासणाऱ्याचा हात जातो. मग दारूची थैली, ती गजानं ठासायची, मग गोळा. मागच्या बारीक भोकाला कान म्हणतात. कानातून सुई घालून थैली फोडायची, वर रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, भरायची आणि बत्ती द्यायची. झाला एक बार.

'फुसका बार' समुद्रकाठी जास्त. दारूत शंभर भागांत साधारण ७५ सोरा, १५ कोळसा, १० गंधक. सोरा नीट शुद्ध केला नसेल तर त्यात मीठ राहतं, मीठ हवेतली ओल ओढतं, आणि किनाऱ्यावर ओलीला काय तोटा? सगळ्या तोफांना एकदम बत्ती म्हणजे सरबत्ती. आता ती प्रश्नांचीच होते. 'फैर' मात्र इंग्रजी फायरवरून आलाय, जुनी दरबारी मराठी समजून वापरू नका.

संकेश्वर
कान बोटानं चाचपून बघावा. लोखंडाचा तुकडा घट्ट बसलेला असला तर तोफ सोडून जाताना कुणीतरी मेख मारली असेल. मेख मारलेली तोफ मेख काढल्याशिवाय किंवा कान नव्यानं पाडल्याशिवाय उडत नाही. पाटीवर 'छिद्र बुजले आहे' असं न लिहिता 'कानात मेख मारली आहे' लिहा. आणि तोफांवरचे आकडे वाचल्याशिवाय शिवकालीन लिहू नका. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात गाड्यांवर दोन तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि १८४९ साल आहे. आंग्र्यांचं राज्य तोवर खालसा झालेलं होतं.

निपाणीकर
तोफा खालच्या तटावर आहेत, पाण्यापासून पुरुषभर उंचीवर. म्हणजे दमदमा नाहीच. 'दर्यामोर्चा' कसा वाटतो?

खानापूर
जोडशब्द नवा आहे, पण कानाला बरा लागतो. फक्त 'सहा तोफांचा दर्यामोर्चा' असं सबंध लिहा. नुसता मोर्चा बघून आपल्याकडचा माणूस विचारणार, कुणाचा आणि किती वाजता निघतोय.